आल्फ्रेड बिने आणि बुद्धीचे मोजमाप

बुद्धिगुणांक किंवा आय. क्यू. हा शब्द आज सुशिक्षित घरांत सर्रास ऐकू येतो. अमक्याचा आय. क्यू. फार मोठा आहे असे आपण कौतुकाने सांगतो, आणि तमक्याचा बेताचाच आहे हे सांगताना आपला आवाज आपोआप खाली येतो. उंची किंवा वजन सांगावे तितक्या निःशंकपणे आपण हा आकडा सांगत असतो. परंतु ज्यांच्या कामातून हा आकडा पुढे जन्मास आला त्या आल्फ्रेड बिने यांनी स्वतः असा आकडा कधीच काढला नव्हता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे चरित्र पाहिले म्हणजे या आकड्याचा अर्थ काय आणि त्याची मर्यादा कोणती, हे आपोआप उलगडत जाते.

मी आपल्याच महाविद्यालयाचा एक जुना विद्यार्थी. गेली बरीच वर्षे इंदूरला बी. एड.च्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक मानसशास्त्र शिकवीत आहे. वार्षिकासाठी लेख लिहावयाचा म्हटल्यावर बिने यांचेच नाव मनात आले, याला कारण आपल्या अंकाचे स्वरूप. येथे मराठी आणि कन्नड हे दोन विभाग एकाच मुखपृष्ठाखाली नांदतात. आणि बिने यांची कसोटी आपल्याकडे ज्या रूपात रुजली, ते रूपही याच दोन भाषांत तयार झालेले आहे. त्याविषयी पुढे ओघाने येईलच.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस या शहरी झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील विभक्त झाले आणि मुलाचे संगोपन आईनेच केले. वयाच्या पंधराव्या वर्षी तिने शिक्षणासाठी त्यांना पॅरिसला आणले. १८७८ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली, पण वकिलीत त्यांचे मन रमले नाही. वैद्यकाचा अभ्यास सुरू केला आणि तोही अर्ध्यावर सोडला. मग पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते मानसशास्त्राची पुस्तके वाचू लागले. या विषयात त्यांना गुरू असा कोणी नव्हता. एकलव्यापुढे निदान मातीची मूर्ती तरी होती. यांच्यापुढे नुसती पुस्तकेच होती.

गुरूवाचून केलेल्या अभ्यासाची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. १८८० साली त्यांनी स्पर्शसंवेदनेवर एक निबंध प्रसिद्ध केला. डेलबफ नावाच्या बेल्जियन शास्त्रज्ञाने त्यातील उणिवा चारचौघांत दाखवून दिल्या. त्यानंतर बिने हे सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को या प्रख्यात मज्जातंतुतज्ज्ञाच्या हाताखाली काम करू लागले. तेथे संमोहनावर प्रयोग चालत. संमोहित रुग्णाच्या शरीराजवळ लोहचुंबक नेला की उजव्या हाताची हालचाल डाव्या हाताकडे जाते, असा शोध बिने आणि त्यांचे सहकारी फेरे यांनी जाहीर केला. डेलबफ मुद्दाम तो प्रयोग पाहावयास आले. त्यांच्या लक्षात आले की चुंबक रुग्णाच्या डोळ्यांदेखत फिरवला जातो आणि काय घडणार याची चर्चाही त्याच्यासमोर मोकळेपणाने होते. रुग्णाला कळू न देता तोच प्रयोग केला तेव्हा चुंबकाचा प्रभाव नाहीसा झाला. प्रयोग करणाऱ्याची अपेक्षाच रुग्णाच्या हातातून बोलत होती. बिने यांनी आरंभी बराच वाद घातला, पण पुढे आपली चूक उघडपणे मान्य केली. तिशी ओलांडलेल्या, नुकतेच नाव होऊ लागलेल्या संशोधकाला ही कबुली सोपी नव्हती.

या पराभवानंतर त्यांना खरी प्रयोगशाळा मिळाली ती स्वतःच्या घरात. १८८५ आणि १८८७ साली त्यांना दोन मुली झाल्या होत्या, मादलेन आणि आलिस. चालावयास शिकताना थोरली एखादा आधार नीट हेरून, तेथपर्यंत जपून पाऊल टाकी; धाकटी मात्र कशाचीही पर्वा न करता, हसत, अडखळत खोलीच्या मध्यावर येई. आईवडील तेच, घर तेच, पण दोघींची मनाची ठेवण वेगळी. थोड्या मोठ्या झाल्यावर बिने त्यांना सोंगट्यांचे दोन ढीग दाखवीत आणि अधिक कुठे ते विचारीत. ढिगाने जागा किती व्यापली आहे यावरून लहान मूल अधिक-उणे ठरवते, मोजून ठरवत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे पियाजे यांनी याच वाटेने मोठे संशोधन केले.

१८९१ साली बिने सोर्बोन विद्यापीठातील मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत विनावेतन दाखल झाले आणि काही वर्षांतच तिचे संचालक झाले. फ्रान्समध्ये प्राध्यापकपद मात्र त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. त्यांच्या जिज्ञासेला सीमा नव्हती. डोळ्यांवर पट्टी बांधून बुद्धिबळ खेळणारे, तोंडी प्रचंड गुणाकार करणारे गणिती, हे सारे त्यांनी अभ्यासले. इनोदी हा एके काळचा मेंढपाळ आणि दियामांदी हा ग्रीक, हे दोघेही अवाढव्य संख्या लक्षात ठेवीत. पहिल्याला आकडे जणू कानात ऐकू येत, दुसऱ्याला ते फळ्यावर लिहिल्यासारखे दिसत. उत्तर एकच, पण तेथे पोचण्याच्या वाटा दोन. फावल्या वेळात बिने नाटकेही लिहीत, आणि तीही अंगावर काटा आणणारी.

त्या काळी बुद्धी मोजण्याचा प्रतिष्ठित मार्ग म्हणजे डोके मोजणे. मोठे डोके, मोठी बुद्धी, असे भलेभले विद्वान मानीत. बिने यांनीही पट्टी हातात घेतली, शाळाशाळांतून हिंडले, शिक्षकांनी हुशार आणि मठ्ठ ठरविलेल्या मुलांची डोकी मोजली. फरक निघाला तो जेमतेम मिलिमीटरभराचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, समोरचा मुलगा मठ्ठ आहे हे आधी ठाऊक असले की आपल्याच हातून माप थोडे कमी भरते की काय, अशी शंका त्यांना आली. आणि मापे पुन्हा ताडून पाहिल्यावर ती शंका खरी ठरली. सालपेत्रिएरचा धडा येथे दुसऱ्यांदा गिरवला गेला. त्यांनी हा मार्ग सोडून दिला. मोजणाऱ्याचे मत मापात मिसळते, हे ज्याने स्वतःच्या हातावर अनुभवले आहे, अशाच माणसाकडे पुढचे काम यावे हा एक योगच म्हणावयाचा.

ते काम १९०४ साली आले. फ्रान्समध्ये १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. पूर्वी जी मुले शाळेचे तोंडही पाहत नसत ती आता वर्गात आली, आणि काहींना शिकवणे शिक्षकांना जड जाऊ लागले. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढावयाचे ठरले. पण कोणते मूल तेथे पाठवावे हे ठरवावे कोणी? शिक्षकाने म्हटले तर खोडकर मुलाची ब्याद टळावी म्हणूनही तो नाव पुढे करणार. डॉक्टरांवर सोपवावे तर एकाच मुलाविषयी तीन डॉक्टर तीन नावे देत. शिक्षणखात्याने आयोग नेमला, त्यात बिने होते. परीक्षा घेतल्यावाचून कोणत्याही मुलाला साध्या शाळेतून हलवू नये, हा त्यामागील विचार होता. म्हणजे बुद्धिमापनाची कसोटी जन्मली ती मुलाला कोणाच्या तरी मर्जीपासून वाचविण्यासाठी, हे आपण विसरता कामा नये.

तरुण डॉक्टर तेओदोर सिमों यांच्या साहाय्याने १९०५ साली बिने यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणारे तीस प्रश्न रचले. जळत्या काडीकडे नजर वळते का, तीन आकडे ऐकून पुन्हा म्हणता येतात का, दोन वजनांतील जड कोणते, ओळखीच्या वस्तूंची व्याख्या कशी करता, असे ते प्रश्न होते. १९०८ साली त्यांनी हे प्रश्न वयानुसार लावले. तीन वर्षांचे मूल नाक, डोळे, तोंड दाखवू शकते. आठ वर्षांचे मूल वीसपासून शून्यापर्यंत उलटे मोजू शकते. याप्रमाणे तेरा वर्षांपर्यंत पायऱ्या झाल्या. मूल ज्या पायरीपर्यंत पोचेल ती त्याची मानसिक पातळी. हीच कल्पना आपण पुढे मनोवय म्हणून ओळखू लागलो. १९११ सालच्या आवृत्तीत, वाचन-लेखनासारखे, केवळ शाळेत शिकल्यामुळे येणारे प्रश्न त्यांनी वगळले. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या कसोटीविषयी बिने यांची भूमिका स्पष्ट होती. लांबी मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही. ही फक्त पायऱ्यांची उतरंड आहे आणि मूल आज कोठे उभे आहे एवढेच ती सांगते, असे ते मानीत. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली ठेव आहे, तीत भर पडत नाही, हा त्या काळचा समज त्यांना असह्य वाटे. १९०९ साली मुलांविषयी लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी या निराशावादाचा कडाडून निषेध केला. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी अवधान, स्मरण आणि इच्छाशक्ती वाढविणारे व्यायाम आखले. पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा खेळ हा त्यांतलाच एक. शिकायचे कसे हे आधी शिकवावे, मग धडे द्यावेत, हा त्यांचा क्रम होता.

आता तो प्रसिद्ध आकडा कोठून आला ते पाहू. १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम श्टेर्न यांनी मनोवयाला खऱ्या वयाने भागण्याची सूचना केली. १९१६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील टर्मन यांनी बिने यांच्या कसोटीची सुधारित आवृत्ती काढली आणि त्या भागाकाराला शंभराने गुणून वापरात आणले. दहा वर्षांच्या मुलाचे मनोवय आठ भरले तर बुद्धिगुणांक ८०. पाच वर्षांच्या मुलाचे मनोवय चार भरले तरीही ८०. पहिला दोन वर्षांनी मागे, दुसरा एका वर्षाने, आकडा मात्र तोच. मोठ्या माणसांच्या बाबतीत तर हे गणित कोलमडूनच पडते. विसाव्या वर्षानंतर अशा प्रश्नांतील प्रगती जवळजवळ थांबते. मग चाळिशीतील धडधाकट गृहस्थाचा गुणांक ५० मानावा काय? म्हणून १९३९ साली वेक्सलर यांनी वेगळी रीत आणली. व्यक्तीची तुलना तिच्याच वयाच्या इतरांशी करावयाची, त्या गटाची सरासरी १०० धरावयाची आणि व्यक्ती सरासरीपासून किती दूर आहे ते पाहावयाचे. या रीतीत शंभरांपैकी सुमारे ६८ माणसे ८५ ते ११५ या दरम्यान येतात आणि सुमारे ९५ माणसे ७० ते १३० या दरम्यान. आज बहुतेक नव्या कसोट्यांत भागाकार उरलेलाच नाही. गुणांक हे नाव तेवढे राहिले आहे.

बिने यांच्या पश्चात त्यांच्या कसोटीचे जे झाले ते वाचून मन विषण्ण होते. अमेरिकेत गॉडर्ड यांनी तिचे भाषांतर केले आणि बोटीने येणाऱ्या परदेशी स्थलांतरितांवर ती वापरली. इंग्रजीचा गंध नसलेली, प्रवासाने थकलेली माणसे दुभाष्यामार्फत उत्तरे देत आणि मंदबुद्धी ठरत. पहिल्या महायुद्धात सतरा लाखांहून अधिक अमेरिकन सैनिकांच्या सामुदायिक परीक्षा झाल्या. त्यांचे निष्कर्ष वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मिरविले गेले. १९२७ साली कॅरी बक या तरुणीला मंदबुद्धी ठरवून तिच्यावर सक्तीने वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने अनुमती दिली. मुलांना मदत मिळावी म्हणून केलेले साधन माणसांना वगळण्याचे हत्यार झाले. सिमों हे १९६१ पर्यंत हयात होते. बुद्धिगुणांकाची कल्पना म्हणजे मूळ हेतूशी केलेली प्रतारणा आहे, असे त्यांचे उतारवयातील मत होते.

आपल्या देशात ही कसोटी आली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. १९२०च्या दशकात लाहोरला राइस यांनी तिचे हिंदुस्तानी रूप केले. त्यानंतरचे महत्त्वाचे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथे त्यांनी बिने यांच्या कसोटीचे कन्नड आणि मराठी रूप सिद्ध केले आणि १९४० साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. नुसते भाषांतर करून हे काम भागत नाही. नाणी बदलावी लागतात, चित्रे बदलावी लागतात. एका भाषेतला सोपा शब्द दुसऱ्या भाषेत पंडिती होऊन बसतो आणि आठ वर्षांच्या पायरीवरचा प्रश्न दहाव्या पायरीवर जातो. म्हणून प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना विचारूनच त्याची जागा ठरवावी लागते. शेजारच्या दोन भाषांतील मुलांसाठी हे कष्ट एकाच माणसाने घेतले, याचा आपणा सीमाभागातील लोकांना अभिमान वाटावयास हवा. पुढे १९६९ साली नागपूरच्या मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांच्या कसोटीचे भारतीय रूप केले.

बिने-कामत कसोटी आजही अनेक रुग्णालयांत आणि मार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते. पण तिच्या चौथ्या आवृत्तीलाही, म्हणजे १९६७ सालालाही, अर्धशतक उलटून गेले. न्यूझीलंडचे फ्लिन यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले की अनेक देशांत पिढीगणिक मुलांचे गुण वाढत गेले आहेत. अमेरिकेत दर दहा वर्षांस सुमारे तीन गुणांनी. त्यामुळे जुन्या पिढीच्या मापाने आजच्या मुलाला मोजले तर आकडा फुगून येण्याचा संभव असतो. तेच मूल, तीच बुद्धी, पण कसोटी बदलली की आकडा बदलतो. शिवाय एकाच कसोटीतही पाचसहा गुणांचे इकडेतिकडे होणे स्वाभाविक असते. ७८ याचा अर्थ साधारण ७२ ते ८४ असाच घ्यावयाचा.

७८ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. येथील रामबागेत राहणारे एक मराठी गृहस्थ काही वर्षांपूर्वी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचा असा अहवाल घेऊन माझ्याकडे आले होते. मोठ्या समाधानाने त्यांनी कागद पुढे केला. अठ्ठ्याहत्तर म्हणजे डिस्टिंक्शनच की, असे त्यांना वाटले होते. बरोबर आलेल्या आईला मात्र कोणीतरी खरा अर्थ सांगितला होता. ती गप्प होती. मुलाला शाळेने वेगळ्या वर्गात बसवावयाचे ठरविले होते. मी चौकशी केली. घरी मराठी, तीही आमच्या इंदूरची हिंदीमिश्रित. गल्लीत हिंदी आणि माळवी. शाळा इंग्रजी माध्यमाची. आणि परीक्षा झाली होती ती इंग्रजीत, एकाच बैठकीत. मी त्यांना एवढेच सुचविले की मुलाच्या घरच्या भाषेत, शब्दांवर फारसा भर नसलेली दुसरी कसोटी एखाद्या अनुभवी मानसशास्त्रज्ञाकडून घ्यावी, त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत, आणि मूल घरात व बाहेर आपली कामे कशी निभावते हेही त्यांना सांगावे. दुसऱ्या वेळी आकडा काहीसा वर गेला, पण सरासरीच्या खालीच राहिला. मुलाला मदतीची गरज होती, हे खरेच ठरले. मात्र दुसऱ्या अहवालात कोणती मदत, हेही लिहिलेले होते. ऐकलेले लक्षात ठेवणे त्याला जड जात होते. पाहिलेले तो चांगले ध्यानात ठेवी. पहिल्या कागदावर यातले काहीच नव्हते, नुसता आकडा होता. मुलगा आपल्या वर्गातच राहिला. फळ्यावर लिहून, चित्रे काढून शिकवण्याचे शिक्षिकेने मनावर घेतले, आणि त्याची गाडी हळूहळू चालू लागली.

या अंकाच्या वाचकांपैकी कित्येक जण उद्या शिक्षक होतील, काही पालक होतील, आणि प्राध्यापक मंडळी तर आजच दरवर्षी शेकडो मुलांचे मूल्यमापन करीत आहेत. त्या सर्वांना माझी विनंती आहे की असा अहवाल हाती आला तर आकड्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. कसोटी कोणती आणि किती जुनी, ती कोणत्या भाषेत घेतली, मुलाची प्रकृती आणि मनःस्थिती त्या दिवशी कशी होती, आणि अहवालात पुढे काय करावे हे लिहिले आहे की नाही. चौथ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर नसेल, तर ती परीक्षा बिने यांच्या अर्थाने अजून पुरी झालेली नाही असे समजून, अहवाल लिहिणाऱ्याकडे तो कागद घेऊन पुन्हा जावे.